मांडीवरचा बेस

शिजत्या कोशांचा वास ज्यांनी कधी घेतला नाही, त्यांना तो सांगून कळणार नाही. ओल्या सालीचा, चुलीतल्या राखेचा आणि तळाशी कुठेतरी मेलेल्या जिवाचा असा तो वास एकदा नाकात शिरला की जेवणाच्या पहिल्या घासापर्यंत सोबत करतो. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या कोष्टीपुऱ्यात सकाळ त्या वासाने उजाडायची. माय चुलीवर मोठा गंज चढवायची, पाण्यात सोडा घालायची आणि त्यात कोसे खदखदू द्यायची. त्यांचा चीक सुटला की रेशमाचे टोक हाती लागायचे. कोसे निथळून काढल्यावर गंजात तपकिरी, बुळबुळीत पाणी उरे. त्या पाण्यात मी माझ्या बेस गिटारच्या चार तारा वेटोळे करून सोडत असे.

बेसच्या तारा जाड असतात. त्यांच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते आणि तिच्या वळ्यांत बोटांचा घाम, तेल, धूळ साचत जाते. मग आवाज गोधडीखालून आल्यासारखा येऊ लागतो. नव्या तारा नागपूरला मिळत आणि नागपूर आम्हांला लांब होते. सोड्याच्या पाण्यात उकळल्या की त्याच तारा पुन्हा लख्ख बोलू लागत. हा शोध बाबांचा.

"कोशाच्या गंजात तारा टाकते वं, पोट्टी!" माय ओरडायची. "उद्या वरणातबी टाकजो!"

"टाकू दे," बाबा मागावरून म्हणायचे. "त्याहिचाबी चीक सुटते."

"तुमचा कई सुटन?" माय विचारायची. हा प्रश्न बाबांना कधीच ऐकू आला नाही.

पण आज लिहायला बसले आहे ती मन भरून आले म्हणून नव्हे. मी संतापले आहे. तोच बेस दिवाळीच्या तोंडावर एका काळ्या पेटीतून माझ्या घरी परत आला. चकचकीत, निर्दोष आणि माझ्यासाठी निरुपयोगी. त्याच्या अंगावरचे माझे सारे आयुष्य कोणीतरी पॉलिश पेपरने घासून काढले होते, आणि ते काम अत्यंत प्रेमाने केले होते. प्रेमाने केलेल्या नासधुशीची तक्रार कुठे नोंदवावी, हे मला अद्याप कळलेले नाही. म्हणून इथे नोंदवते. मात्र मोडले काय हे समजण्यासाठी, घडले काय होते ते आधी सांगायला हवे.

बाबा विणकर होते आणि दिवाळीनंतर नाटकवाले. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झाले की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात आणि रात्रभराचे नाटक होते. रंगमंचाच्या अगदी पुढ्यात वादक बसतात. बसतात म्हणजे जमिनीवर, सतरंजीवर, मांडी घालून. त्यांच्या पाठीमागे सारे गाव बसलेले असते आणि एखाद्या वादकाचे डोके वीतभर जरी वर गेले तरी मागून आरोळी येते, "ए बाजेवाल्या, खाली बस बे! नायिका दिसून नाही राहिली!" नट चुकला तर गाव माफ करते. उंच बसलेल्या वादकाला माफी नाही.

बाबा ऑर्गन वाजवत. तुमसर रोड स्टेशनावर निवृत्तीला आलेले एक गार्ड होते. तरुणपणी रेल्वेच्या क्लबात नाताळच्या नाचाला ते बेस वाजवीत. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी बाबांनी कोशाची साडी विणली. गार्डसाहेब मुलूख सोडून चालले होते. सामानाची बांधाबांध करताना त्यांनी साडीच्या बदल्यात तो बेस बाबांच्या हवाली केला आणि बाबांनी तो गोणपाटात गुंडाळून एसटीतून घरी आणला.

घरी आल्यावर बाबांनी तारा मोजल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. गिटारला सहा तारा असतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. इथे चारच. गार्डसाहेबांसारखा सज्जन माणूस फसवणार नाही, तेव्हा दोन तारा कुठेतरी हरवल्या असाव्यात. त्यांच्या खुंट्याही हरवल्या असाव्यात. आणि खुंट्यांची भोकेही. ही शेवटची गोष्ट तरी त्यांना खटकायला हवी होती. खटकली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावच्या सुताराकडून बेसच्या माथ्यावर दोन नवी भोके पाडून आणली. मग गार्डसाहेब मुलूख सोडण्याआधी त्यांना स्टेशनावर गाठून उरलेल्या तारा कुठल्या घ्यायच्या हे विचारले, तेव्हा ते बाकावर बसून पोट धरधरून हसले.

"अरे भाई, इसको चारही रहते हैं," ते म्हणाले. "ये कान का बाजा नहीं है, पेट का है."

बाबांना त्या भोकांची आयुष्यभर लाज वाटली. मला कधीच नाही. खांडेनवमीला मागाची, धोट्याची, ऑर्गनची पूजा होई तेव्हा बेसही पाटावर बसे आणि त्या दोन भोकांत मी उदबत्त्या खोवत असे. इतक्या सोयीची उदबत्तीदाणी पुऱ्यात कोणाकडे नव्हती. वर्षांमागून वर्षे निखारा भोकांच्या कडांपर्यंत उतरत गेला आणि त्या कडा काळ्याभोर झाल्या. मानेवरच्या पडद्यांच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, फटींत हळदकुंकू असे मुरले होते की उन्हाळ्यात बोटांना घाम आला की माझी बोटे पिवळी व्हायची. लग्नघरातून आल्यासारखी.

तो वाजवायला घरात कोणी तयार नव्हते. भावाने एक दिवस वाजवून पाहिला आणि भिंतीशी टेकवून ठेवला. "आयकूच येत नाही, बाबा. कायले वाजवू?" पुऱ्यातल्या बाकीच्या पोरांचेही तेच. त्यांना असे काही वाजवायचे होते की चार आळ्यांना कळावे. जे काम केल्याचे कोणाला कळत नाही आणि न केल्याचे मात्र लगेच कळते, ते काम घरात शेवटी मुलीकडे येते. तसा बेस माझ्याकडे आला.

मला मात्र तो ऐकू यायचा. खड्ड्याच्या मागावर बसणाऱ्यांना पायांनी ऐकायची सवय असते. पायाखालची पावडी दाबली की जमिनीखालून एक धपका येतो, तो घोट्यातून वर चढतो आणि हातातला धोटा त्या धपक्यावर पलीकडे धावतो. बेस तसाच होता. तबला आणि ऑर्गन वर आपापली नक्षी काढीत असत, आणि मी खालून पावडी दाबत असे. पहिल्या तालमीत मी एकच स्वर धरून बसले होते. मध्येच थांबले, तेव्हा बाबा ऑर्गनवरून वळून म्हणाले, "काहून थांबली वं? पायाखालची जमीन सरकली ना!" एवढी मोठी शाबासकी मला पुढे एम.ए.लाही मिळाली नाही.

पण हे वाद्य उभ्या माणसासाठी घडवलेले होते. त्याच्या अंगाला दोन शिंगे होती, एक तारांच्या वरच्या बाजूला आणि एक खालच्या. मांडी घातली की खालचे शिंग मांडीत रुते, बेस पालथा पडू पाही आणि डावा हात सूर धरण्याऐवजी वाद्य सावरण्यातच दमून जाई. बाबांनी एका दुपारी शेजाऱ्याची आरी आणली आणि ते शिंग कापून टाकले. काप तिरपा गेला. मग तो कौलाच्या तुकड्याने घासून घासून गोल केला आणि त्यावर लाख फिरवली. त्या दिवसापासून बेस माझ्या मांडीत असा बसला, जसे कडेवरचे मूल आपली जागा स्वतःच शोधून बसते.

नंतर मूळची लोखंडी घोडी गेली. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. थंडीतल्या मंडया, रात्रभराचे दव, धानाच्या बांध्यांतला ओलावा. तिचे आटे झिजले. त्याच वर्षी मायचे पाणी भरायचे पितळेचे गुंड चिरले होते. बाबा ते घेऊन भंडाऱ्याला एका ओळखीच्या कासाराकडे गेले आणि गुंडाच्या जाड काठातून घोडी घडवून आणली. पितळेच्या घोडीने आवाजच बदलला. स्वर लांबला, संथ झाला. रिकाम्या घागरीत हाक मारल्यावर येते तशी एक ओलसर घुमारी त्याला आली. पहिल्यांदा ऐकून माय दारातच उभी राहिली. "पाहा बरं," ती म्हणाली. "जिवंत होतं तवा पानी वाहे. मेल्यावर गाऊन राहिलं."

आणि पट्टा बाबांनी विणला. जाड सुताचा, दोन्ही कडांना कोशाचा करवती काठ. नवरीच्या साडीला शोभेल असा काठ त्यांनी गिटारच्या पट्ट्याला घातला. ते पाहून माय चार दिवस बोलली नाही, कारण तिच्या स्वतःच्या साडीला बाबांनी कधीच तेवढा रुंद काठ घातला नव्हता.

मी पुढे शिकले, आणि तुमसरच्या महाविद्यालयात अनेक वर्षे कविता शिकवली. वृत्ते शिकवताना लघु-गुरू मोजायला मी टेबलावर बोटे आपटत असे. ती बोटे बेसची होती, हे मुलांना हंगामात कळायचे. "म्याडम, परवा आंबागडच्या मंडईत बाजाजवळ तुम्हीच बसल्या होत्या काय जी?" असे कोणीतरी विचारी, आणि वर्ग खिदळे. मी म्हणे, "होय, मीच. आणि तू पेंगत होतास." सहकाऱ्यांपैकी काहींना हे शोभत नाही असे वाटे. त्यांनी ते मला कधी तोंडावर सांगितले नाही. हिवाळ्यात माझ्या टेबलाजवळून जाताना ते फक्त थोडे अधिक अदबीने बोलत.

आता माय-बाबा दोघेही नाहीत. भाऊ कधीच पुण्याला स्थायिक झाला. त्याचा मुलगा तिकडे ध्वनिमुद्रणाचे काम करतो. गुणी आहे, हळव्या मनाचा आहे आणि माझ्यावर त्याचा जीव आहे, हे लिहिताना माझा राग कमी होत नाही. उन्हाळ्यात तो आला होता. जाताना म्हणाला, "आत्या, बेस घेऊन जातो. तारांखालचा एक पिकअप आवाज करतोय, बघून आणतो." मी दिला. दुखणाऱ्या दाढेसाठी माणूस डॉक्टरकडे पाठवावा आणि तो दुसऱ्याच चेहऱ्याने परत यावा, तसे झाले.

दिवाळीच्या आधी तो आला आणि पलंगावर काळी पेटी ठेवून म्हणाला, "डोळे मीट."

मी मिटले. खटके उघडल्याचा आवाज आला आणि मग वास. तिखट, नव्या लॅकरचा, दवाखाना आणि फर्निचरचे दुकान यांच्या मधला कुठलातरी वास. माझा बेस मला शंभरांतून नुसत्या वासावरून ओळखता आला असता. त्याला धूर, तेल, दव आणि जुन्या लोखंडाचा वास होता. डोळे उघडण्याआधीच मला कळले होते की पेटीत तो नाही.

"एकदम ओरिजिनल कंडिशन," तो सांगत होता. "नेटवर या मॉडेलचा जुना फोटो शोधला. कलरची शेडसुद्धा मॅच केलीय. ते तुटलेलं हॉर्न होतं ना, ते नवीन जोडून घेतलं. जॉइंट शोधून दाखव, आत्या. नाही सापडणार!"

"तुटलेलं नव्हतं," मी म्हणाले. "कापलेलं होतं."

"हो ना, कुणीतरी फारच वाईट कापलं होतं. रिपेअरवाला हसत होता."

"तुझ्या आजोबांनी."

त्याने बेसचा माथा माझ्याकडे वळवला. मग धीर करून म्हणाला, "आणि हेडस्टॉकवरची ती दोन फालतू भोकं, तीपण बुजवली."

"तीही त्यांचीच."

"अगं, पण त्यांचा काही उपयोगच नव्हता!"

मी बोटाने पडद्यांच्या फटी चाचपल्या. स्वच्छ होत्या. इतक्या स्वच्छ की नखात काहीच आले नाही. घोडीच्या जागी आरशासारखी पांढरी पट्टी होती, आणि पट्टा कातडी.

"पितळेची घोडी कुठे आहे?"

"ते सगळं जुनं पिशवीत आहे. टाकणारच होतो, पण म्हटलं तुला एकदा विचारावं."

एका प्लास्टिकच्या पिशवीत, कांद्याबटाट्यांसारखी, मायच्या गुंडाची घोडी आणि बाबांचा पट्टा होता. मला एकदा विचारावे असे त्याला वाटले, ते फक्त टाकायच्या वेळी. कापताना नाही, बुजवताना नाही, घासताना नाही.

'ओरिजिनल' हा शब्द त्या संध्याकाळी तो इतक्यांदा बोलला की शेवटी मी विचारले, "कुणाचं ओरिजिनल?" ज्या कारखान्यात तो घडला तिथल्या एका कामगाराच्या हाती हा बेस काही तास राहिला असेल. माझ्या मांडीवर तो माझ्या केसांचा रंग जाईपर्यंत राहिला. यातले मूळ कोणते? गावच्या तलावाचेही असेच झाले. सुशोभीकरण म्हणून काठाच्या पाळीला फरशा लावल्या, लोखंडी कठडा उभा केला, दिवे लावले, बसायला बाके मांडली. फोटोत तलाव फार सुरेख येतो. म्हशींना पाण्यात उतरायला वाट उरली नाही, धुण्याच्या दगडांवर सिमेंट आले. ज्यांचा तलाव होता ते आता कठड्याबाहेर उभे राहून तो सुरेख दिसतो हे मान्य करतात. माझ्याकडूनही तेच अपेक्षित होते. मी मान्य करावे की बेस सुरेख दिसतो. दिसतोच. त्याची दृष्ट काढावी इतका दिसतो.

भाऊबीजेनंतर आमच्याच गावची मंडई होती, आणि तिचे नाटक म्हणजे माझ्या हंगामाची सुरुवात. दोन दिवस आधी दुपारी समाजमंदिरात तालीम ठेवली होती. भाचा मोबाइल घेऊन चित्रीकरणाला आला. मी नेहमीच्या जागी, तबल्याच्या डाव्या हाताला, सतरंजीवर बसले आणि बेस मांडीवर घेतला.

तो बसला नाही. नव्या शिंगाने मांडीत टोक खुपसले. मी डावा गुडघा खाली दाबला, तसा बेस पोटावर कलंडला. गुडघा वर केला, तशी बेसची मान समोरच्या ऑर्गनला लागली. नवे लॅकर इतके गुळगुळीत की साडीवर ठरेना. पहिले पद सुरू झाले आणि मी दुसऱ्याच ओळीत स्वर गमावला. पुन्हा सुरू झाले, पुन्हा गमावला. माझे हात अजून शाबूत आहेत. मला जे शिकायला तीन हंगाम लागले होते ते एका शिंगाने माझ्याकडून काढून घेतले होते.

"म्याडमचा बेस लयच चमकून राहिला बापा," तबलजी म्हणाले. त्यांची माझी संगत जुनी. टोमणा मारल्याशिवाय ते थाप देत नाहीत. "ह्याच्यात पाहून मिश्या कातरता येईन."

"कातरा," मी म्हणाले. "ताल तरी सरळ पडेल."

सगळे हसले, पण मंडळाचा चालक हसला नाही. तो माझा विद्यार्थी. त्याने माझ्यापुढे उकिडवे बसून फार मऊ आवाजात सांगितले, "राहू द्या ना जी, म्याडम. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस काढून देते. तुम्ही कायले त्रास करून घेता? ह्या वर्षी तुम्ही पुढं खुर्चीवर बसा. आम्ही नाटकाच्या आधी तुमचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, मानपत्र वाचू."

"उभी राहून वाजवते."

"मागचे लोकं आयकतीन काय, म्याडम? तुम्हालेच माहीत आहे."

मला माहीत होते. मी मागे पाहिले. कीबोर्डवाल्या तरुणाने डाव्या हाताने माझे स्वर काढून दाखवायला सुरुवात केलीच होती. स्वर बरोबर होते. खालून धपका नव्हता, पण स्वर बरोबर होते आणि चालकाला तेवढे पुरेसे होते. एवढ्या वर्षांत मला सतरंजीवरून कोणी उठवू शकले नव्हते. ना महाविद्यालयाच्या अदबीने, ना गावातल्या बायकांच्या कुजबुजीने. आता शाल आणि श्रीफळ देऊन मला खुर्चीवर चढवले जात होते. एकदा का मी त्या खुर्चीवर बसले असते तर पुढच्या वर्षी तिथेच बसले असते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नावाचा फलक लागला असता.

"माझी जागा दोन दिवस ठेवा," मी म्हणाले. "मंडईच्या सकाळी सांगते."

"म्याडम..."

"दोन दिवस."

घरी जाताना भाच्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "आत्या, आपण दुसरा घेऊ. शॉर्ट स्केल म्हणून येतो. छोटा असतो, मांडीवर मस्त बसेल."

"मला छोटा नको. मला माझा हवा."

"हा तुझाच आहे!"

"मग मी त्याचं शिंग कापणार आहे."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला, धानाच्या पेंढ्यांजवळ थांबवली. "तुला कळतंय का तू काय बोलतेस? व्हिंटेज पीस आहे हा. लोकं जन्मभर शोधतात. त्याला आता आरी लावणं म्हणजे गुन्हा आहे गुन्हा!"

"पहिल्यांदा लावली तेव्हा तू जन्मला नव्हतास. तेव्हा कोणाला अटक झाली नाही."

"मी चार महिने त्याच्यावर खपलोय, आत्या." त्याचा आवाज चिरकला. "तुझ्यासाठी."

ते खरे होते, आणि त्याच क्षणी मला त्याची कीव आली. मी ती बाहेर दिसू दिली नाही. चार महिन्यांत एकदा, फक्त एकदा, फोन करून त्याने विचारले असते की आत्या, हे असे का आहे, तर मी त्याला सारे सांगितले असते. त्याने नेटवरच्या फोटोला विचारले.

दुसऱ्या सकाळी मी ओसरीवर बसून पांढरी घोडी उतरवली आणि पितळेची बसवली. जुन्या स्क्रूंची भोके बुजवलेली असल्याने नवी पाडावी लागली. भाचा चहाचा कप घेऊन समोर बसला होता. प्रत्येक स्क्रू लाकडात शिरताना त्याचा चेहरा असा होई, जणू तो त्याच्याच गुडघ्यात चालला आहे. कातडी पट्टा काढून मी बाबांचा पट्टा अडकवला. तार छेडली. घुमारी आली, थोडी दबकत, परक्या घरी आल्यासारखी, पण आली.

मग आम्ही मोहाडीला एका फर्निचरवाल्याकडे गेलो. दुकानात सोफ्यांचे सांगाडे उभे होते आणि सागाच्या भुश्श्याचा गोड, कोरडा वास भरलेला होता. मी बेस कामाच्या टेबलावर ठेवला आणि कुठून कापायचे ते दाखवले. फर्निचरवाल्याने हात पॅन्टला पुसले, बेस उचलला, उजेडात फिरवला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"नाई जी, बाई," तो म्हणाला. "लोकं तुटलेलं जोडाले आणतात माह्याकडं. तुम्ही जोडलेलं तोडाले आणलं. अशी कोरी वस्तू मी नाही कापत. पाप लागते."

"कोरी नाही हो ती. माझ्याहून जुनी आहे."

"दिसते तं कोरी." मग भाच्याकडे पाहून, "तुम्ही सांगा ना साहेब यांयले."

भाचा म्हणाला, "मी कालपासून तेच सांगतोय."

"आरी द्या," मी म्हणाले.

"तुम्ही कापान?"

"द्या तर खरं."

त्याने आरी दिली आणि दोन पावले मागे सरकला. भाचा मध्ये आला. त्याने बेसवर दोन्ही हात ठेवले, असे की आरी लागली तर आधी त्याच्या बोटांना लागावी. "नको," तो म्हणाला. "आत्या, प्लीज. हवं तर खुर्चीवरच बस. एक वर्ष. मी पुढच्या वर्षी काहीतरी करतो."

तो 'खुर्ची' म्हणाला, आणि इतके दिवस मी जे ओरडून सांगितले नव्हते ते माझ्या तोंडून निघाले. "बस खाली!" मी त्याच्यावर ओरडले. फर्निचरवाल्याचे दोन्ही कारागीर काम थांबवून बघू लागले. "बस. इथे. मांडी घाल."

"काय?"

"तुला वाजवता येतं ना? बस आणि वाजव."

तो बसला, भुश्श्यात, आपल्या पुण्याच्या जीन्समध्ये. मी बेस त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने डावा हात बेसच्या मानेवर नेला आणि लगेच बेस पालथा होऊ लागला. त्याने तो कोपराने अडवला. शिंग मांडीत गेले. तो कळवळला, सरकला, पाय बदलले. पट्टा आखूड केला, लांब केला. बेस उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. वाद्य त्याला चांगले येते. उभा राहून तो माझ्यापेक्षा चपळ वाजवतो. आता चार स्वरांची एक साधी ओळ त्याला पुरी करता येईना. प्रत्येक वेळी तिसऱ्या स्वराला त्याचा हात वाद्य सावरायला धावे आणि चौथा स्वर हवेत राही. त्याच्या कानामागून घाम उतरला.   शेवटी त्याने हात थांबवले आणि मांडीवरच्या त्या झळझळीत वस्तूकडे बराच वेळ पाहिले. कदाचित पहिल्यांदाच त्याला ती फोटोतली दिसली नसावी.

तो उठला. मांडी चोळली. बेस पुन्हा टेबलावर ठेवला, खालचे शिंग काठाबाहेर येईल असा. मग मला अजून सापडलेला नव्हता तो जोड त्याने लॅकरवर अंगठा फिरवून शोधला, तिथे नखाने खूण केली, दोन्ही हातांनी बेसचे अंग टेबलावर घट्ट दाबून धरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"काप."